तेलाच्या थरापासून सिलिकॉनच्या पापुद्र्यापर्यंत : समायोजी प्रकाशिकीचा इतिहास आणि पुणे-चाकणचा मार्ग

१

विज्ञानाच्या इतिहासात काही कल्पना अशा आढळतात की, ज्या द्रव्याच्या आधाराने त्या प्रथम सुचल्या ते द्रव्य पुढे बाजूला पडते आणि कल्पना मात्र दुसऱ्या द्रव्यात जाऊन नांदते. इतिहास लिहिणारे मग यशस्वी झालेल्या द्रव्यापासून आरंभ करतात. आधीच्या द्रव्याचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपला जातो. समायोजी प्रकाशिकीच्या बाबतीत असेच घडले आहे. दुर्बिणीत शिरणाऱ्या प्रकाशात वातावरणामुळे आलेला बिघाड क्षणोक्षणी मोजावयाचा आणि एका लवचीक आरशाचा पृष्ठभाग त्या मानाने वाकवून तो बिघाड नाहीसा करावयाचा, ही या शास्त्राची मूळ कल्पना होय. आज हे काम सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म आरशांकडून करून घेता येते. परंतु ही कल्पना प्रथम मांडली गेली ती तेलाच्या पातळ थराच्या आधाराने, १९५३ साली.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्याशी निगडित आहे, आणि त्या टप्प्यातून निघणारा रस्ता भोसरी, मोशी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातून जातो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे. परिभाषेचा विचार करीत असता तो या इतिहासाकडे वळला. परिभाषा ही इतिहासाशिवाय बनत नाही, आणि चुकीच्या इतिहासावर बनलेली परिभाषा विद्यार्थ्याची दिशाभूल करते, असा या विवेचनाचा सूर आहे. तेलाचा आरसा हा सोडून दिलेला आडमार्ग नसून सिलिकॉनचा आरसा त्याचाच वंशज आहे, हे दाखविणे हा पहिला हेतू; आणि या वंशवृत्ताचा आपल्या औद्योगिक पट्ट्याशी काय संबंध पोहोचतो, हे पाहणे हा दुसरा.

२

प्रथम दोष कोणता ते पाहू. ताऱ्यापासून निघालेला प्रकाश आपल्या वातावरणाच्या माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याचे तरंगाग्र, म्हणजे एकाच वेळी निघालेल्या लहरींच्या माथ्यांना जोडणारा पृष्ठभाग, जवळजवळ सपाट असते. खाली येताना त्याला उष्ण व थंड हवेचे लहानमोठे गोळे ओलांडावे लागतात. तापमानाप्रमाणे हवेची घनता बदलते, घनतेप्रमाणे अपवर्तनांक बदलतो, आणि तरंगाग्राचा काही भाग पुढे तर काही मागे राहतो. सपाट कागद चुरगळावा तशी त्याची अवस्था होते. डोळ्यास हे ताऱ्यांचे लुकलुकणे म्हणून दिसते. दुर्बिणीत ते प्रतिमेचे पसरट, थरथरते ठिपके होऊन दिसते.

याचे परिणाम किती मोठे आहेत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीने दृश्य प्रकाशात सिद्धान्ततः सुमारे ०.०७५ विकलेइतका बारकावा वेगळा करून दाखवावा. प्रत्यक्षात चांगल्या रात्रीही वातावरण एका विकलेच्या आसपासच हात टेकावयास लावते. याचा अर्थ असा की, बारकाव्याच्या दृष्टीने दोन मीटरची दुर्बीण दहा-बारा सेंटिमीटरच्या दुर्बिणीहून फारशी सरस ठरत नाही. मोठा आरसा प्रकाश अधिक गोळा करतो खरा. पण तपशील हवा चोरून नेते.

न्यूटनला या दोषाची पूर्ण जाणीव होती. १७०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याने हवेच्या अखंड कंपाचा उल्लेख केला, आणि उंच पर्वतशिखरावरील शांत हवा हाच काय तो उपाय सांगितला. पुढील अडीचशे वर्षे हाच उपाय प्रमाण राहिला. भिंगे आणि आरसे जितके निर्दोष घासता येतील तितके घासावे आणि त्यांना घेऊन डोंगरावर जावे, एवढेच ज्योतिर्विदांच्या हाती होते.

पुण्याचा इतिहासही या चौकटीतच बसतो. १८८८ साली येथील सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे संचालक. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण दीर्घकाळ भारतातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगमवालांच्या निवृत्तीबरोबर वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडईकनालच्या डोंगरावर गेली. त्यामागची कारणे प्रशासकीय होती. तरी न्यूटनने सांगितलेला प्रवासच त्या आरशाच्या नशिबी आला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी आरशाचे कर्तृत्व त्याच्या अचलपणात होते. एकदा घासून सिद्ध झालेला पृष्ठभाग कधीही बदलू नये, यासाठी काच जाड करीत, आधार भक्कम करीत. पृष्ठभाग मुद्दाम बदलावा, ही कल्पना त्या कारागिरीच्या मुळावरच येणारी होती.

३

ती कल्पना १९५३ साली होरेस बॅबकॉक या अमेरिकन ज्योतिर्विदाने मांडली. माउंट विल्सन व पालोमार या वेधशाळांशी तो संबंधित होता. पॅसिफिक ज्योतिष मंडळाच्या नियतकालिकात त्याने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील योजना अशी : एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश घेऊन त्याचे तरंगाग्र कोठे किती चुरगळले आहे ते फिरत्या सुरीच्या धारेने आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेरानलिकेने मोजावयाचे, त्या मोजमापाचा विद्युत्-संकेत एका इलेक्ट्रॉनांच्या झोताकडे द्यावयाचा, आणि तो झोत आरशावर पसरलेल्या तेलाच्या पातळ थरावर फिरवावयाचा. जेथे इलेक्ट्रॉन पडतील तेथे तेलावर विद्युत्-भार साठेल. तो भार खालच्या आरशाकडे ओढला जाईल. थराची जाडी तेथे बदलेल. तेलातून जाऊन परतणाऱ्या प्रकाशाला त्यामुळे कोठे जास्त तर कोठे कमी वाट चालावी लागेल, आणि हवेने केलेली चुरगळ उलट्या चुरगळीने सपाट होईल.

हे तेलाचे उपकरण बॅबकॉकने स्वतः शोधलेले नव्हते. त्याचे नाव आयडोफोर. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील फ्रिट्झ फिशर याने १९३९ साली त्याची कल्पना केली, ती चित्रपटगृहातील मोठ्या पडद्यावर दूरचित्रवाणीचे चित्र दाखविण्यासाठी. म्हणजे करमणुकीच्या धंद्यासाठी निघालेले यंत्र बॅबकॉकने ताऱ्यांच्या कामी लावण्याचे योजिले. तंत्राच्या इतिहासात अशी उसनवारी वारंवार आढळते.

भाषाभ्यासकास या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘आयडोफोर’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘रूप वाहणारा’. त्यातील पहिल्या घटकाचे मूळ आपल्या ‘विद्’ धातूचे सगोत्र आहे. दुसऱ्याचे ‘भृ’ धातूचे. मोजलेल्या परिणामावरून कारणात फेरफार करण्याच्या क्रियेस आपण ‘प्रत्याभरण’ म्हणतो. त्यातही हाच ‘भृ’ आहे. बॅबकॉकच्या योजनेचे सार या दोन शब्दांत येते : रूप वाहणारा द्रव, आणि त्यास सतत मिळणारे प्रत्याभरण.

द्रवाच्या साहाय्याने तरंगाग्राला आकार देता येतो, याची सैद्धान्तिक मांडणी भारतात आधीच झाली होती, याचा येथे निर्देश केला पाहिजे. द्रवातून ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरी सोडल्या असता त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे विवर्तन होते, असे १९३२ साली अमेरिकेत डिबाय व सिअर्स यांनी, आणि फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांनी दाखविले. त्याची उपपत्ती १९३५-३६ मध्ये बंगळुरूस चंद्रशेखर व्यंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी लावली. ध्वनीमुळे द्रवाच्या घनतेत पट्टे पडतात, आणि बाहेर पडणारे तरंगाग्र पन्हळी पत्र्यासारखे होते, हे त्या उपपत्तीचे मर्म होय. रामन आणि नाथ यांनी सपाट तरंगाग्र पन्हळी कसे होते ते सांगितले. बॅबकॉकला पन्हळी झालेले तरंगाग्र सपाट करावयाचे होते. त्याने या कामाचा आधार घेतला असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. प्रश्नाच्या दोन्ही बाजू वीस वर्षांच्या आत द्रवाच्याच साहाय्याने मांडल्या गेल्या, एवढेच सांगावयाचे आहे.

४

बॅबकॉकची योजना त्या स्वरूपात प्रत्यक्षात आली नाही. तेलाच्या थरास निर्वात पेटी हवी, इलेक्ट्रॉनांची बंदूक हवी. आणि हवेतील चुरगळ काही सहस्रांश सेकंदांत बदलत असल्यामुळे मापन व दुरुस्ती यांचे चक्र सेकंदास शेकडो वेळा पुरे व्हावयास हवे. एवढी गणना त्या वेळच्या साधनांना पेलणारी नव्हती. १९५७ साली रशियात लिनिक याने अनेक तुकड्यांच्या आरशाची अशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. तीही कागदावरच राहिली.

पुढची प्रगती झाली ती ज्योतिषाच्या अंगणाबाहेर. अमेरिकन लष्कराला परकीय उपग्रहांची स्पष्ट चित्रे हवी होती. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयटेक या कंपनीत जॉन हार्डी व त्याच्या सहकाऱ्यांनी एकवीस ठिकाणी ढकलता येणारा आरसा बनविला. त्यात तेल नव्हते. विद्युत्-दाबाने लांबी बदलणाऱ्या पिझोइलेक्ट्रिक द्रव्याचा तो ठोकळा होता. १९८२ साली हवाई बेटांवर १.६ मीटर दुर्बिणीस अशी संहती जोडली गेली. हे काम बरेचसे गुप्त होते. युरोपीय ज्योतिर्विदांनी १९८९-९० मध्ये फ्रान्स व चिली येथे आपली संहती उघडपणे चालवून दाखविली, आणि १९९१ मध्ये अमेरिकेने आपले बरेच संशोधन खुले केले.

या गुप्ततेचा परिणाम इतिहासलेखनावरही झाला. मधली वीस वर्षे झाकलेली असल्यामुळे बॅबकॉकचा तेलाचा थर हा जणू एक विलक्षण पण निष्फळ विचार, आणि खरा आरंभ पिझोइलेक्ट्रिक आरशापासून, असे चित्र रूढ झाले. द्रव गेला, घन आला. म्हणून द्रवाचा अध्याय संपला, असा हा समज होय. तो पूर्णपणे बरोबर नाही, आणि त्याचे कारण पुढच्या टप्प्यात सापडते.

५

पिझोइलेक्ट्रिक आरसे मोठे आणि महाग असत. म्हणून ही विद्या थोड्या मोठ्या दुर्बिणींपुरती मर्यादित राहिली. तिला लहान दुर्बिणींपर्यंत आणले ते सूक्ष्मयंत्रांच्या शास्त्राने. संगणकाच्या चकत्या ज्या रीतीने कोरतात त्याच रीतीने सिलिकॉनवर हलणारे भाग कोरण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आले. बोस्टन विद्यापीठातील थॉमस बिफानो व सहकाऱ्यांच्या कामातून बोस्टन मायक्रोमशीन्स ही कंपनी निघाली, आणि तिने सिलिकॉनच्या पापुद्र्याचे लवचीक आरसे बाजारात आणले.

या आरशाची रचना पाहण्यासारखी आहे. वर परावर्तक लेप दिलेला पातळ पापुद्रा. त्याखाली लहान लहान खांबांनी जोडलेले लवचीक पडदे. आणि त्याखाली, थोडे अंतर सोडून, एकेका पडद्यासाठी एकेक विद्युदग्र. विद्युदग्रास दाब दिला की स्थितिक विद्युत्-आकर्षणाने पडदा खाली ओढला जातो आणि त्याबरोबर पापुद्र्याचा तेवढा भाग खचतो. दाब काढला की सिलिकॉनची स्थितिस्थापकता त्यास पूर्ववत करते.

आता बॅबकॉकचे तेल आठवावे. तेथेही वरच्या पृष्ठभागास खाली ओढणारे बल स्थितिक विद्युत्-आकर्षणाचेच होते. फक्त पृष्ठभाग पूर्ववत करण्याचे काम तेलाचा पृष्ठताण करीत असे. मधल्या काळातील पिझोइलेक्ट्रिक आरसा आतून ढकलला जातो. सिलिकॉनचा आरसा तेलाप्रमाणे ओढला जातो. अर्थात मूलतत्त्वाच्या दृष्टीने सिलिकॉनचा पापुद्रा हा पिझोइलेक्ट्रिक ठोकळ्यापेक्षा तेलाच्या थराला अधिक जवळचा आहे. द्रव्य बदलले, बल तेच राहिले. वंशवृत्त सांगताना द्रव्यापेक्षा बलाचे नाते धरले, तर १९५३ चा निबंध या आरशाचा सरळ पूर्वज ठरतो.

याच आरशाने पुण्याचा संबंध येतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली स्थापन झालेल्या, आणि जयंत नारळीकर ज्याचे पहिले संचालक होते त्या ‘आयुका’ने, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने, कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेशी सहकार्य करून ‘रोबो-एओ’ ही संहती उभारली. प्रमुख संशोधक क्रिस्टोफ बारानेक. आयुकाच्या बाजूने ए. एन. रामप्रकाश. २०११ साली पालोमार येथील दीड मीटर दुर्बिणीवर ती प्रथम आकाशाकडे लागली, आणि २०१२ पासून माणसाच्या हस्तक्षेपाविना रात्रभर काम करू लागली.

तिच्यातील आरसा जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीचा. त्याला १४० जागी ओढता येते. दीड मीटर दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश या नखाएवढ्या पृष्ठभागावर आणून सोडतात आणि सेकंदास सुमारे बाराशे वेळा त्याचा आकार बदलतात. आरशाला प्रत्येक ठिकाणी दोषाच्या निम्मेच हलावे लागते. कारण परावर्तनात प्रकाश ते अंतर जाताना व येताना दोनदा चालतो.

मापनासाठी तेजस्वी तारा प्रत्येक ठिकाणी कोठून आणावयाचा? यासाठी अतिनील लेसरचा झोत वर सोडून, हवेच्या रेणूंवरून विखुरलेल्या त्याच्या प्रकाशाचा कृत्रिम तारा बनवितात. त्याची तरंगलांबी ३५५ नॅनोमीटर. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त असल्यामुळे, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरपेक्षा तो सुमारे पाचपट अधिक विखुरतो. शिवाय तो डोळ्यास दिसत नाही, त्यामुळे वैमानिकांचे डोळे दिपण्याची भीती उरत नाही.

या संहतीचे फळ लगेच दिसून आले. केप्लर उपग्रहाने ज्या ताऱ्यांभोवती ग्रह असावेत असे सुचविले होते, अशा ७१५ ताऱ्यांची तपासणी पहिल्याच मोठ्या पाहणीत झाली आणि तिचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. अशा ताऱ्याच्या अगदी जवळ दुसरा तारा लपलेला असेल तर ग्रहाचे आकारमान चुकीचे निघते. म्हणून ही छाननी आवश्यक होती. एवढे तारे मोठ्या दुर्बिणीवर तपासावयाचे तर वेळच मिळाला नसता. सूक्ष्म आरशाने समायोजी प्रकाशिकी स्वस्त केली, आणि स्वस्त झाल्यामुळेच ती मोठ्या संख्येने उपयोगात आली. पुढे ही संहती पालोमारहून किट पीक येथे आणि नंतर हवाईला नेण्यात आली.

६

मग द्रवाचे काय झाले? तो अध्याय संपला नव्हता. तो दोन निराळ्या दिशांनी वाढत होता.

पहिली दिशा पाऱ्याची. भांड्यातील द्रव फिरविला की त्याचा पृष्ठभाग अन्वस्ताकार होतो, आणि दुर्बिणीच्या आरशाला नेमका हाच आकार लागतो. १८५० साली नेपल्सच्या कापोची याने ही गोष्ट सुचविली. १९०९ च्या सुमारास रॉबर्ट वुड याने पाऱ्याचा असा आरसा चालवून पाहिला. १९८२ नंतर कॅनडात एर्मानो बोरा याने तिला नवे जीवन दिले. तिचे भारतीय रूप उत्तराखंडात देवस्थळ येथे आहे. तेथील चार मीटर व्यासाच्या आंतरराष्ट्रीय द्रव-आरसा दुर्बिणीने २०२२ साली पहिला प्रकाश टिपला. सुमारे पन्नास लिटर पारा साडेतीन मिलिमीटर जाडीच्या थरात पसरून दर आठ सेकंदांस एक फेरा या वेगाने फिरतो. गुरुत्वप्रवेग आणि फिरण्याचा वेग यांवरून हिशोब केला तर नाभीय अंतर सुमारे आठ मीटर येते, आणि ते तसेच आहे. हा आरसा घासावा लागत नाही. परंतु तो कलंडविता येत नाही, म्हणून डोक्यावरचे आकाश तेवढे पाहतो.

दुसरी दिशा थेंबाची. येथे सूक्ष्मयंत्रशास्त्राचा आणि द्रवाचा खरा संगम होतो, आणि त्याचे कारण साध्या भौतिकीत आहे. पाणी किंवा तेल मोठ्या भांड्यात असेल तर त्याचा आकार गुरुत्वाकर्षण ठरविते. पण थेंब जसजसा लहान होतो तसतसे पृष्ठताणाचे राज्य सुरू होते. पाण्याच्या बाबतीत ही सीमा सुमारे २.७ मिलिमीटर आहे. तिच्या बऱ्याच खाली गेल्यावर द्रव कलंडला तरी सांडत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग आपोआप गोलीय राहतो. स्टीफन ग्रे याने १६९६ सालीच पाण्याच्या थेंबाचे सूक्ष्मदर्शक भिंग केले होते. त्यात फक्त समायोजनाची सोय नव्हती. ती पुढे विद्युत्-शास्त्राने पुरविली. विद्युत्-दाबाने द्रवाचा पृष्ठताण बदलतो, हे लिपमान याने १८७५ साली पाऱ्यावर दाखविले होते. त्याच तत्त्वाचा विस्तार करून फ्रान्समध्ये ब्रूनो बेर्झ याने १९९० नंतर पाणी व तेल यांच्या सीमापृष्ठाचे भिंग बनविले. दोन्ही द्रवांची घनता सारखी राखली की गुरुत्वाचा उपद्रव जवळजवळ नाहीसा होतो, आणि विद्युत्-दाब कमीजास्त करून नाभीय अंतर बदलता येते. कारखान्यांत मालाची तपासणी करणाऱ्या कॅमेऱ्यांत अशी भिंगे वापरली जातात.

सारांश, द्रव मागे पडला तो मोठ्या प्रमाणावरील निर्वात पेटीत. सूक्ष्म प्रमाणावर तो घनाइतकाच आज्ञाधारक ठरला.

७

आता या इतिहासाचा आपल्या पट्ट्याशी संबंध पाहू. पुण्याहून नाशिककडे जाणारा मार्ग भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर असा जातो. त्यावरून पुढे घोडेगाव-जुन्नर परिसरातील गिरवलीच्या टेकडीवर आयुकाची दोन मीटर दुर्बीण आहे. तिचे उद्घाटन २००६ साली झाले. वेधशाळेकडे जाणारी यंत्रसामग्री आणि माणसे याच पट्ट्यातून जातात.

पट्ट्याचा इतिहास सर्वज्ञात आहे. तो थोडक्यात सांगतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला; १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत वाढली; आणि पुढील पिढीत वाहनउद्योग चाकणकडे सरकला. या सत्तर वर्षांत पट्ट्याने एक गोष्ट निश्चितपणे आत्मसात केली, ती म्हणजे मापाची सूक्ष्मता. याची साक्ष भाषा देते. जुन्या कारागिराचे माप ‘सूत’ असे, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून थोडा अधिक. लेथवर हजारांश इंच आला. बेअरिंग व पिस्टन करणाऱ्यांच्या तोंडी ‘मायक्रॉन’ रोजचा झाला. सूत ते मायक्रॉन हा तीन हजार पटींचा प्रवास दोन पिढ्यांत झाला आहे, आणि तो बोलीत नोंदला गेला आहे. दुर्बिणीच्या आरशास याहूनही बारीक, मायक्रॉनच्या शतांशांत मोजण्याजोगी अचूकता लागते. परंतु ती याच शिडीची पुढची पायरी आहे.

यापेक्षाही महत्त्वाची अशी दुसरी गोष्ट आहे. समायोजी प्रकाशिकीने जो वैचारिक पालट घडविला तो आरशाच्या बारकाव्यात नसून निर्दोषपणाच्या कल्पनेत आहे. नायगमवालांच्या काळी निर्दोष वस्तू एकदा घडवावयाची होती. बॅबकॉकनंतर दोष सतत मोजून सतत दुरुस्त करावयाचा झाला. हा पालट पट्ट्यातील वाहनांतही शिरला आहे. आजच्या पेट्रोल इंजिनात निष्कासित वायूतील ऑक्सिजन मोजून इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलतात. चाक घसरू लागले की ब्रेकचा दाब आपोआप सैल होतो. टक्कर ओळखून हवेची उशी फुगविण्याची आज्ञा देणारा संवेदक हा सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्मयंत्रच असतो. त्याचे आणि रोबो-एओच्या आरशाचे कुळ एक आहे. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मोटार आणि गिरवलीच्या टेकडीवरील दुर्बीण यांचे नाते रस्त्यापुरते नाही, हे यावरून ध्यानात येईल.

तथापि येथे एक कठोर सत्य नजरेआड करता येत नाही. रोबो-एओची संहती उभारण्यात पुण्याचा वाटा आहे. तिचा आरसा मात्र मॅसॅच्युसेट्सहून आलेला आहे. संहती जुळविणे, तिची आज्ञावली लिहिणे, तिला रात्रीमागून रात्री चालविणे हे एक कौशल्य. सिलिकॉन कोरणे हे दुसरे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००६ पासून सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीची केंद्रे आहेत. म्हणजे विद्या देशात आहे. परंतु प्रयोगशाळेतील विद्या आणि औद्योगिक पट्ट्यातील हात यांच्यात अद्याप अंतर आहे. ते भरून काढण्यासाठी भांडवल व धोरण यांची गरज आहे, हे उघडच आहे. त्याबरोबर आणखी एका साधनाची गरज आहे, आणि तिचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे प्राप्त आहे.

८

पट्ट्यातील तंत्रनिकेतनांत शिकणारा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, कार्यशाळेत मिश्र बोली बोलतो आणि पुस्तक इंग्रजी वाचतो. या विषयाचे मराठी नाव त्याच्यासमोर येते ते बहुधा ‘अनुकूली प्रकाशिकी’ असे. मराठीत ‘अनुकूल’ म्हणजे सोयीचे, पथ्यावर पडणारे. आणि शालेय जीवशास्त्रातील ‘अनुकूलन’ म्हणजे सजीवाने परिस्थितीसारखे होणे. परंतु हा आरसा परिस्थितीसारखा होत नाही. हवेने जेथे तरंगाग्र मागे टाकले तेथे तो उंचावतो, जेथे पुढे ढकलले तेथे तो खचतो. त्याचे वागणे तंतोतंत प्रतिकूल आहे, आणि त्यातच त्याचे यश आहे. शब्द ऐकून विद्यार्थ्याच्या मनात उभे राहणारे चित्र वस्तुस्थितीच्या नेमके उलट असते.

म्हणून या लेखात ‘समायोजी’ हा शब्द योजिला आहे. अतिरिक्त शिक्षकांच्या ‘समायोजना’ने तो थोडा कचेरीतला झाला आहे, हे खरे, तरी मोजून, तोलून, जागेवर बसविणे हा त्याचा अर्थ शाबूत आहे. ‘तरंगाग्र’ व ‘प्रत्याभरण’ हे शब्द चांगले आहेत. त्यांचा वापर वाढावा. ‘मायक्रॉन’, ‘सिलिकॉन’, ‘लेसर’ हे शब्द कार्यशाळेने स्वीकारलेले आहेत; त्यांना हुसकावण्याचे कारण नाही. पूर्वी ‘वक्रीभवन’ म्हणत, पाठ्यपुस्तकांनी ‘अपवर्तन’ रूढ केले. दोन्ही पिढ्यांचे व्यवहार चालले. शब्द कोणताही असो, त्यामागील क्रिया दिसली पाहिजे, एवढीच कसोटी आहे.

या कसोटीस इतिहासाचे साहाय्य लागते. तेलाच्या थरावर पडणारा इलेक्ट्रॉनांचा झोत ज्याने एकदा डोळ्यांसमोर आणला, त्याला सिलिकॉनचा आरसा समजावून सांगावा लागत नाही. आणि तो आरसा समजला की हवेची उशी फुगविणारा संवेदकही समजतो. ही साखळी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत उपलब्ध असेल, तर गिरवलीची दुर्बीण त्याला परक्या विद्येचे चिन्ह वाटणार नाही. आपल्या कार्यशाळेचीच ती वरची पायरी आहे, असे तो मानील.

रोबो-एओचे वृत्त इंग्रजी शोधनिबंधांत सुरक्षित आहे. परंतु जोडणी करताना कोणती अडचण आली, कोणता सुटा भाग पुण्यात घडविला, कार्यशाळेत त्यास काय म्हणत, ही माहिती शोधनिबंधांच्या चौकटीत बसत नाही. ती काम केलेल्या माणसांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. पट्ट्यातील कार्यशाळांची बोली आणि आयुकेच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांची कथने यांचा संग्रह इतिहास, भाषाविज्ञान व भौतिकी या तिन्ही विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्याजोगा आहे. काम करणारी पिढी अद्याप भेटू शकते. तोवरच ते करणे इष्ट होय.